गावची अभ्यासिका शिक्षकाच्या बदलीनंतरही चालावी म्हणून

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिक्षक दिनाच्या आगेमागे जिल्हा पुरवण्यांमध्ये उपक्रमशील शिक्षकांच्या बातम्या येतात. रात्री नऊपर्यंत अभ्यासिका घेणारे गुरुजी, रविवारीही शाळा उघडणाऱ्या बाई, स्वतःच्या पगारातून पुस्तके आणणारे शिक्षक दांपत्य. या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण अशा कितीतरी अभ्यासिका त्या शिक्षकाची बदली झाली की महिनाभरात बंद होतात. काही तर बदलीआधीच थांबतात. घरात सासूबाईंचे ऑपरेशन निघते, स्वतःच्या मुलीचे दहावीचे वर्ष येते, आणि संध्याकाळी कुलूप उघडायला कोणी राहत नाही. यात त्या शिक्षकाचा दोष नसतो. अख्खे काम एका माणसाच्या संध्याकाळवर उभे केलेले असते आणि ती संध्याकाळ त्याच्या घरच्यांच्या वाट्यातून काढलेली असते. शिक्षकाच्या घराला झळ न लागता असे काम गावात कसे उभे राहते आणि कशाने कोसळते, याचा तपशील फारसा छापून येत नाही. तो इथे मांडत आहोत. पत्र लांबले आहे, पण तपशील गाळला तर त्याचा उपयोग उरणार नाही.

आधी शिक्षकाचा दिवस पाहावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन किंवा तीन वर्ग. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला असे काम द्यावे लागते की तो वीस मिनिटे स्वतःच्या बळावर चालेल, आणि ते काम आदल्या दिवशी तयार लागते. त्यात पोषण आहार. प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. चाळीस मुले हजर असली तर चार किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, दोन किलो भाजी मोजून द्यायची, शिजल्यावर मुलांआधी स्वतः चव घ्यायची, नोंद करायची, संख्या ऑनलाइन भरायची आणि महिनाअखेरीस शिल्लक तांदळाचा हिशेब जुळवायचा. कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे काम ४५ तास धरले आहे आणि त्यात पाठाची तयारीही मोजलेली आहे. शाळेत तयारीला वेळ मिळत नाही, म्हणून ती घरी होते. स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या, स्वतःच्या मुलांचा अभ्यास हे सगळे त्याच वेळात बसवायचे असते.

पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदल्यांमध्ये दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपर्यंतचे अंतर ‘जवळ’ समजले जाते. दोघांच्या मधल्या एखाद्या गावात बिऱ्हाड करायचे, सकाळी दोन दिशांना दोन गाड्या, संध्याकाळी साडेसहाला घर. शिक्षकाने मुख्यालयीच, म्हणजे शाळेच्या गावातच, राहिले पाहिजे असे ग्रामसभेत ठणकावून सांगितले जाते. पण अनेक लहान गावांत शौचालयासह भाड्याची खोली मिळत नाही, आणि शिक्षकाच्या स्वतःच्या मुलांना आठवीनंतरची शाळाही तिथे नसते. शिक्षिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पुरुष शिक्षक सात वाजेपर्यंत थांबला तर गाव त्याला सेवाभावी म्हणते. शिक्षिका पाचच्या एसटीने निघाली तर ‘बाईंना शाळेचे पडलेले नाही’ असे पारावर बोलले जाते, आणि तिच्या घरची दुसरी पाळी कोणाच्या गणतीत नसते. अभ्यासिका उभी करताना हे आधी मान्य करावे लागते. ये-जा करणारा शिक्षक संध्याकाळी गावात नसणार हे धरूनच आखणी करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वेच्छेचे काम आणि आदेशाचे काम यांची सरमिसळ. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. मतदार यादीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले की शिक्षकांना ते सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नये. प्रत्यक्षात बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, असलेला शिक्षक घरोघर जाऊन नवीन नावाचा फॉर्म ६, वगळण्याचा ७ आणि दुरुस्तीचा ८ गोळा करतो तो रविवारी किंवा शाळा सुटल्यावर. म्हणजे अभ्यासिकेचा वेळ आधीच गेलेला असतो. नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवणारा ‘स्वयंसेवक’ अपेक्षित आहे. गावात कोणी पुढे आले नाही तर ते नावही शाळेतूनच भरले जाते. ज्या कामाला ‘नाही’ म्हणता येत नाही ते स्वेच्छेचे नाही. एखादा शिक्षक त्या वर्षी बीएलओ असेल तर त्याच्याकडून अभ्यासिकेची अपेक्षा ठेवू नये. शाळा व्यवस्थापन समितीने हे जूनच्या बैठकीत उघड बोलून घ्यावे, म्हणजे नंतर रुसवेफुगवे होत नाहीत.

आता अभ्यासिकेकडे वळू. पहिला प्रश्न जागेचा नसतो, माणसांचा असतो. आठवड्यात पाच संध्याकाळी चालवायची तर रोज दोन मोठी माणसे लागतात, म्हणजे दहा. कोणाकडे लग्न, कोणाचा ताप, कोणाची परीक्षा, हे धरून चार राखीव. चौदा नावे जमली नाहीत तर पाचऐवजी तीनच संध्याकाळी ठेवाव्यात, पण एका माणसावर दोन वार टाकू नयेत. दोन वार घेणारा उत्साही असतो, दिवाळीपर्यंत येतो आणि मग एकदम थांबतो. नावे कुठून मिळतात? बारावी किंवा डी.एड. झालेल्या सुना, महाविद्यालयात जाणारी मुले-मुली, बचत गटातल्या वाचता येणाऱ्या बायका, निवृत्त पोस्टमन, निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका. सेविका आणि आशाताई आधीच कामाने वाकलेल्या असतात, म्हणून त्यांना राखीव यादीत ठेवलेले बरे. शिक्षकाचा वार एकच, आणि तोही त्याने सांगितलेला. ये-जा करणाऱ्या शिक्षकासाठी शनिवार सोयीचा. सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास त्या आठवड्याच्या स्वयंसेवकांशी बसायचे. कोणते मूल कुठे अडले, पुढच्या आठवड्यात कोणता खेळ, कोणती पुस्तके बाहेर काढायची, एवढेच बोलायचे. शिक्षकाचे ज्ञान या अर्ध्या तासात सर्वांत जास्त कामी येते. रोज संध्याकाळी सतरंजीवर बसून मुले सांभाळायला शिक्षकच लागतो असे नाही.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे ठरले. बातम्या आल्या त्या भोंग्याच्या. आमच्या मते खरी मेहनत त्यामागे होती. सुरुवातीला आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावत होते. ते वाटून घेतलेले काम होते आणि निर्णय गावाचा होता. नुसता भोंगा आणून बसवला तर पंधरा दिवसांत लोकांना त्याची सवय होते आणि मालिका पुन्हा सुरू होतात.

जागा शक्यतो शाळेचीच खोली घ्यावी, मात्र संगणक, टीव्ही, प्रोजेक्टर नसलेली. मुख्याध्यापक किल्ली द्यायला कचरतात ते याच सामानामुळे. चोरी झाली तर जबाब त्यांना द्यावा लागतो. म्हणून समितीच्या बैठकीत लेखी ठराव हवा. कोणती खोली, कोणते वार, किती ते किती, किल्ली कोणत्या दोघांकडे, आणि त्या वेळेत खोलीची जबाबदारी कोणाची हे त्यात यावे. कायद्याप्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असतात. किल्लीच्या दोघांत एक महिला असावी, आणि गावात दोन गट असतील तर दोन्हींकडचे एकेक माणूस असावे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर किल्ली एका वाड्यात अडकून पडते आणि मुलांना ‘आपली नाही ती अभ्यासिका’ असे घरातून सांगितले जाते. दोन्ही बाजूंकडे किल्ली असली की हे टळते. सभामंडपही चालतो, पण गणपती, नवरात्र, सप्ताह या काळात तो मिळत नाही, आणि काही घरांतल्या मुलांना तिथे मोकळेपणाने बसता येत नाही. गावाने हे तोंडावर कबूल केले नाही तरी जागा निवडताना ध्यानात घ्यावे.

विजेचा खर्च लोकांना वाटतो त्याहून फार कमी असतो. २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब दोन तास चालल्या तर रोज ०.१६ युनिट, महिन्याच्या २५ दिवसांत चार युनिट. ७५ वॅटचे दोन पंखे जोडले तर आणखी साडेसात. तरीही बिलावरून भांडण होते, कारण शाळेचे बिल आधीच थकलेले असते आणि जोडणी तुटली की ठपका अभ्यासिकेवर येतो. ग्रामपंचायतीने हा वाटा स्वनिधीतून भरण्याचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. ग्रामसभा १५ ऑगस्टला असतेच, तोच मुहूर्त साधावा. वीज जाण्यासाठी बॅटरीचे दोन बल्ब आणि एक चांगली विजेरी. मेणबत्ती किंवा चिमणी वह्या-पुस्तकांजवळ लावू नये. पावसाळ्यात विजेरी सापांसाठीही लागते, दार उघडण्याआधी उंबरा आणि कोपरे पाहून घ्यावेत.

वेळ गावाप्रमाणे ठरते. दूध काढण्याची वेळ, डेअरीची वेळ, शेतातून बायका परतण्याची वेळ विचारून घ्यावी. बहुतेक ठिकाणी सहा ते साडेसात जमते. थंडीत लवकर अंधार पडतो, तेव्हा साडेपाच ते सात. वाडी-वस्तीवरच्या मुलींना याहून उशीर चालत नाही. त्यांचे गट करावेत, एका वाटेच्या मुली एकत्र आणि सोबत एक पालक. इथे नियम कडक हवेत. खोलीत कायम दोन मोठी माणसे, त्यांतली एक महिला. दार उघडे. कोणा स्वयंसेवकाने एकट्या मुलाला किंवा मुलीला गाडीवर सोडायला जायचे नाही. अंगाला हात लावून शिक्षा नाही. मुलांना १०९८ हा क्रमांक पाठ असावा. शाळेतली तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती अभ्यासिकेलाही लागू आहे हे पहिल्याच दिवशी सांगावे. ‘आपलीच तर माणसे आहेत’ म्हणून हे टाळले जाते, आणि काही घडले की अभ्यासिका कायमची बंद होते, शिवाय मूल आयुष्यभर ते ओझे वाहते. नवीन स्वयंसेवकाला हे नियम वाचून दाखवून त्याची सही घेण्यात अपमान काही नाही.

दीड तासात काय करायचे? पहिली दहा मिनिटे हजेरी आणि गप्पा. मग चाळीस मिनिटे स्वतःचा अभ्यास. मग पंचवीस मिनिटे वाचन. शेवटी पंधरा मिनिटे भाषेचा किंवा अंकांचा खेळ, म्हणजे मूल उद्या पुन्हा येते. पहिली-दुसरीच्या मुलांना रोज बोलावू नये. ती सात वाजता पेंगतात. त्यांच्यासाठी शनिवारी गोष्ट ठेवावी. पंधरा मुलांमागे एक मोठे माणूस, त्याहून जास्त मुले झाली की वाचन होत नाही, नुसते ‘शांत बसा’ होते.

स्वयंसेवकांना सर्वांत अवघड जाते ते न शिकवणे. आत्मीयतेपोटी ते पाठ समजावू लागतात आणि भागाकाराची स्वतःच्या वेळची रीत सांगतात. शाळेत बाई काड्यांचे गठ्ठे करून शिकवत असतात, इथे दादा ‘वरून एक आकडा उतरव’ म्हणतो, आणि मूल दोन्हींकडे गोंधळते. अभ्यासिकेत नवा पाठ घ्यायचा नाही. मूल अडले तर ‘शाळेत कसे केले ते दाखव’ असे विचारायचे. तरीही अडले तर वहीत पान आणि उदाहरण क्रमांक लिहून ठेवायचा, ती वही शनिवारी शिक्षकाकडे जाते.

वाचनासाठी इयत्ता विसरावी. जुलैत प्रत्येक मुलाकडून पाच मिनिटे वाचून घ्यावे आणि त्याला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठे बसवायचे ते ठरवावे. चौथीतला मुलगा ‘शब्द’ गटात निघाला तर त्याला दुसरीतल्या मुलांबरोबर बसवताना त्याची लाज राखावी लागते. गटांना आकडे न देता झाडांची किंवा नद्यांची नावे द्यावीत आणि त्या मुलाला शब्दपट्ट्या वाटायचे काम द्यावे. अक्षर गटाला जोडाक्षरे नसलेले दोन-तीन अक्षरी शब्द. शब्द गटाला एका ओळीची वाक्ये आणि मोठ्या टाइपातली चित्रपुस्तके. परिच्छेद गटाला जोडीने वाचन, एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोट फिरवायचे. गणितात एक ते नऊ अंक, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार अशीच उतरंड. ऑक्टोबरमध्ये दिवाळीआधी आणि फेब्रुवारीत पुन्हा पाहावे. हा कागद स्वयंसेवकांपुरता आणि शिक्षकापुरता. तो भिंतीवर लावू नये आणि पालकांच्या ग्रुपवर टाकू नये. गावात कोणाचे पोर ‘अक्षरावर’ आहे हे पसरले की ते पोर पुन्हा येत नाही.

एक धोका चांगल्या हेतूने येतो. शिष्यवृत्ती आणि नवोदयची परीक्षा जवळ आली की अभ्यासिका हळूहळू सहा-सात हुशार मुलांचा क्लास होते. पालकांचाही आग्रह असतो, कारण निकालाचा फलक लागतो. बाकीची वीस-पंचवीस मुले मागे बसून कंटाळतात आणि जानेवारीत येईनाशी होतात. ज्यांच्या घरी कोणी वाचून दाखवणारे नाही तीच ही मुले. परीक्षेच्या मुलांना वेगळा वार आणि वेगळा माणूस द्यावा, रोजचा दीड तास त्यांच्यासाठी मोडू नये. इथेच पैशाचा मुद्दाही येतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करते. अभ्यासिका पूर्ण मोफत असावी. ‘चहापाण्यापुरते’ म्हणून मुलामागे घेतलेले पन्नास रुपयेसुद्धा शिक्षकाला अडचणीत आणतात.

लोकवर्गणी लागते ती पुस्तके, सतरंज्या, बल्ब यांसाठी. ती समितीच्या बँक खात्यात जावी, पावतीपुस्तक समितीचे, सह्या दोन, आणि शिक्षकाने रोख पैशाला हात लावू नये. शक्य तिथे पैशाऐवजी वस्तूच घ्यावी. जमाखर्च २६ जानेवारी आणि १ मेच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. हिशेब शंभर रुपयांनी चुकला तर भरून निघतो. वाचलाच नाही तर चार महिन्यांत ‘गुरुजींनी पैसे खाल्ले’ ही कुजबुज सुरू होते, आणि ती त्यांच्या मुलांच्या कानांवरही जाते.

पुस्तकांबाबत एक आवाहन. शहरातून येणाऱ्या देणगीच्या खोक्यांत निम्मी जुनी क्रमिक पुस्तके, स्पर्धा परीक्षेची गाइडे आणि वाढदिवसाला वाटलेल्या पुस्तिका असतात. ती मुले वाचत नाहीत आणि फेकताही येत नाहीत. देणाऱ्यांनी चोवीस पानांच्या आतली, मोठ्या टाइपाची, चित्रांची मराठी पुस्तके द्यावीत. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्याकडे अशी पुस्तके मिळतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आणि चौथीच्या पुढच्या मुलांना ते फार आवडते. सुरुवातीला दीडशे पुस्तके भरपूर झाली. ती कपाटात ठेवली की वाचली जात नाहीत. मुलांच्या छातीच्या उंचीवर दोरी बांधून चिमट्यांनी लटकवावीत, मुखपृष्ठ समोर, आणि दर पंधरा दिवसांनी बदलावीत. उरलेली कपाटात, कपाट भिंतीपासून वीतभर दूर, खालचा कप्पा रिकामा, कारण वाळवी तिथूनच चढते. डांबराच्या गोळ्या लहान मुले असतील तिथे नकोत. वाळलेला कडुनिंबाचा पाला चालतो, पण तो दर महिन्याला बदलावा लागतो. देवघेवीची वही मुलांनीच ठेवावी. तारीख, नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत आल्याची खूण. वर्षाला दहा-बारा पुस्तके फाटणार आणि काही हरवणार हे धरून चालावे. दंड लावला की ज्यांच्याकडे दंडाला पैसे नाहीत ती मुले पुस्तक नेणेच बंद करतात.

सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेव्हा पुस्तके लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत ठेवली गेली. तो सरकारी प्रकल्प आहे आणि त्याचा आवाका मोठा आहे, पण त्यातली एक गोष्ट कोणत्याही वस्तीला करता येते. शाळेपासून लांब असलेल्या वस्तीवर एका घराच्या ओसरीत वीस पुस्तकांची पेटी ठेवावी आणि त्या घरच्या माउलीकडे वही द्यावी. पेटी महिन्याला दुसऱ्या वस्तीवर जाते. उसाच्या पट्ट्यात आणि जिथून तोडीला माणसे जातात त्या बीड-अहिल्यानगरच्या गावांत तर ही पेटी फार उपयोगी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत आई-वडील फडावर आणि मुले आजीजवळ, अशी घरे असतात. त्या मुलांना दीड तासाच्या अभ्यासाइतकीच आजीशेजारी बसून गोष्ट वाचायची गरज असते. अशा गावांत हंगामी वसतिगृह चालू असेल तर अभ्यासिका तिथेच घ्यावी. मुलांना जेवणाच्या वेळी दोन ठिकाणी पळवू नये.

वर्षाचे गणित असे ठेवावे. जूनमध्ये काही सुरू करू नये. दाखले, पुस्तके, गणवेश यांत शिक्षकाला मान वर करता येत नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात, विदर्भात शाळा उशिरा उघडतात म्हणून तिथे जुलैअखेर. गणपतीत आठवडा बंद, आणि तसे आधीच जाहीर करावे. जाहीर न करता कुलूप दिसले की मुले परत फिरतात आणि पुढचे चार दिवस येत नाहीत. स्नेहसंमेलनाच्या सरावाने जानेवारीतल्या संध्याकाळी जातात, त्या महिन्यात फक्त वाचन ठेवावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाविद्यालयीन स्वयंसेवक स्वतःच्या परीक्षांत असतात, तेव्हा राखीव चौघे आणि निवृत्त मंडळी पुढे येतात. एप्रिलच्या मध्यावर अभ्यास थांबवून पुस्तकांची देवघेव तेवढी चालू ठेवावी.

शिक्षकाच्या घरासाठी काही गोष्टी समितीने लेखी ठरवाव्यात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला संदेश टाकता यावा. शिक्षकाला फोन संध्याकाळी पाच ते सात याच वेळेत. रात्री काही तातडीचे असेल तर समितीच्या अध्यक्षांना फोन करावा, त्यांना गरज वाटली तर ते शिक्षकाला कळवतील. सुट्टीच्या दिवशी अभ्यासिकेचे काम शिक्षकाकडे नाही. शिक्षकानेही आपला वार घरी आधी सांगून ठेवावा आणि तो पुढे-मागे करू नये. घरची माणसे एका ठरलेल्या वाराला जुळवून घेतात, ‘आज थोडा उशीर होईल’ हे रोज ऐकावे लागले की त्रासतात. शिक्षकाच्या स्वतःच्या मुलांना ‘तुम्ही तरी समजून घ्या’ असे सांगून रोज गप्प बसवायचे आणि गावच्या मुलांना वाचून दाखवायचे, याचे कौतुक करणे आता थांबवायला हवे. त्या घरात आजारपण किंवा बोर्डाचे वर्ष असेल तर शिक्षकाने वर्षभर वार सोडावा आणि फक्त शनिवारचा अर्धा तास द्यावा. तेवढ्यानेही काम चालते, अट एकच की चौदा नावांची यादी खरी असावी.

शिक्षण विभागाकडेही एक मागणी आहे. चांगली अभ्यासिका दिसली की तिचे परिपत्रक होते. मग प्रत्येक शाळेला रोजचा फोटो, संख्या, लिंक. सहा वाजता मुलांशी बोलायचे सोडून स्वयंसेवक फोटोसाठी रांग लावतात, आणि जिथे माणसे जमलेली नसतात तिथे कागदावरच अभ्यासिका सुरू होते. गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांनी महिन्यातून एकदा समितीच्या इतिवृत्तातला एक परिच्छेद वाचावा, एवढी नोंद पुरे. आणि शिक्षकाच्या मूल्यमापनात हे काम कुठल्याही रकान्यात येऊ नये, नाहीतर ते न करणाऱ्या शिक्षकाच्या नावापुढे शून्य लागते.

शेवटचा मुद्दा बदलीचा. बदलीचे आदेश आले की निरोप समारंभ होतो आणि अभ्यासिकेची माहिती त्या शिक्षकाच्या फोनमध्येच निघून जाते. दरवर्षी एप्रिलअखेर, बदली असो वा नसो, चार पानांची टिपणे तयार करून समितीच्या दप्तरात ठेवावीत. पहिल्या पानावर स्वयंसेवकांची नावे आणि प्रत्येकाला जमणारा वार. दुसऱ्यावर मुलांचे वाचनाचे गट, पाकिटात बंद. तिसऱ्यावर पुस्तकांची यादी आणि फाटलेल्या पुस्तकांच्या खुणा. चौथ्यावर किल्ल्या कोणाकडे, ठरावांच्या तारखा, खात्यातली शिल्लक. नवे शिक्षक जूनमध्ये रुजू होतील तेव्हा ‘आता अभ्यासिका तुमच्याकडे’ असे त्यांना म्हणू नये. आठवड्यातला कोणता वार जमेल एवढेच विचारावे, आणि ‘यंदा जमणार नाही’ असे उत्तर आले तरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वेळापत्रक भिंतीवर लागावे.

आपले,
ग्रामीण भागातील काही प्राथमिक शिक्षक-शिक्षिका आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्य